मेल जायला उशीर का लागतो आणि फोल्डरांचा पसारा कसा आवरायचा

‘सेंड’ दाबलं, पट्टी सरकतेय, सरकतेय, आणि खिडकी काही बंद होत नाही. अशा वेळी बहुतेक जण खिडकी बंद करून तोच मेल पुन्हा पाठवतात. ते तेवढं करू नका. बऱ्याचदा मेल केव्हाच पोचलेला असतो, अडकलेलं काम भलतंच असतं, आणि समोरच्याला एकच मेल दोनदा-तीनदा मिळतो.

इथलं बहुतेक वर्णन थंडरबर्ड या मेल सॉफ्टवेअरचं आहे. तो फुकट मिळतो आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. आउटलुक वापरणाऱ्यांसाठी मध्ये एक वेगळा भाग आहे. आवृत्ती बदलली की मेनूंची नावं थोडी इकडची तिकडे होतात, तेव्हा शब्द जसाच्या तसा सापडला नाही तर आसपास बघा.

‘सेंड’ दाबल्यावर काय काय होतं

आपल्याला मेल पाठवणं हे एक काम वाटतं. सॉफ्टवेअरसाठी ती दोन कामं असतात. पहिलं काम म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या हवाली करणं. हे एसएमटीपी नावाच्या पद्धतीने होतं. ती १९८२ साली ठरली, नंतर तिच्यात बरीच भर पडली, पण गाभा तोच राहिला. दुसरं काम म्हणजे पाठवलेल्या मेलची एक प्रत ‘सेंट’ फोल्डरमध्ये ठेवणं. एसएमटीपीला फोल्डर ही गोष्टच माहीत नाही. म्हणून प्रत ठेवायला सॉफ्टवेअर आयमॅप या दुसऱ्या मार्गाने सर्व्हरला जोडलं जातं आणि तोच मेल, अटॅचमेंटसकट, पुन्हा अपलोड करतं.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. एक, दहा एमबीची अटॅचमेंट तुमच्या इंटरनेटवरून एकदा नाही, दोनदा वर जाते. दोन, मेल पोचल्यावरही खिडकी उघडी राहू शकते, कारण दुसरं काम अजून चालू असतं. म्हणूनच या लेखात उशीर आणि फोल्डर हे दोन विषय एकत्र घेतले आहेत. पाठवण्यातला निम्मा वेळ फोल्डरच्या कामात जातो, आणि फोल्डर बिघडलेला असेल तर निम्म्याहून जास्त.

तर पहिली पायरी म्हणजे त्या खिडकीतला मजकूर वाचणं. ‘कनेक्ट’ होण्याबद्दल काही लिहिलेलं असेल तर अजून सर्व्हरच सापडलेला नाही. ‘सेंडिंग’ किंवा ‘डिलिव्हरिंग’ असेल तर मेल वर चाललाय. ‘कॉपीइंग’ आणि ‘सेंट फोल्डर’ हे शब्द दिसले तर मेल गेलेला आहे, फक्त प्रत ठेवायची बाकी आहे. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. हे न बघता सेटिंग्जमध्ये हात घातला की चालू असलेलंही बिघडतं.

सेटिंग्ज उघडण्याआधी तीन चाचण्या

स्वतःच्याच पत्त्यावर एका ओळीचा मेल पाठवा. सही नको, चित्र नको, अटॅचमेंट नको. तो दोन-तीन सेकंदांत गेला तर जोडणी ठीक आहे, अडचण मेलच्या वजनात आहे. त्यालाही वेळ लागला तर वजनाचा विचार सोडून द्या.

मग तोच मेल एखादी मोठी फाइल जोडून पाठवा आणि खिडकी कोणत्या शब्दांवर थांबते ते बघा.

तिसरी चाचणी ब्राउझरमध्ये. त्याच खात्यात वेबवरून लॉगिन करून तीच फाइल पाठवा. तिथेही तितकाच वेळ लागला तर तुमचं सॉफ्टवेअर निर्दोष आहे, इंटरनेट किंवा मेल देणारी सेवा मंद आहे. ही चाचणी अनेक जण टाळतात आणि मग तासभर थंडरबर्ड काढून पुन्हा टाकण्यात घालवतात. काढून पुन्हा टाकण्याने तसंही फारसं काही बदलत नाही. तुमची सेटिंग्ज आणि मेल ‘प्रोफाइल’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि नवं इन्स्टॉलेशन तेच पुन्हा उचलतं.

अटॅचमेंटचं वजन

ई-मेल मुळात साध्या मजकुरासाठी बनला. फोटो किंवा पीडीएफ पाठवायची तर ती आधी अक्षरांमध्ये बदलावी लागते. या पद्धतीला बेस६४ म्हणतात. त्यात दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, वर ओळी तोडण्याचे बाइट वेगळे. एकूण वजन साधारण ३७ टक्क्यांनी वाढतं.

हिशेब करून बघा. १० एमबीची फाइल मेलमध्ये गेल्यावर सुमारे १३.७ एमबी होते. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, म्हणून ८ ने गुणा: जवळपास ११० मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल तर मेल जायला ११० सेकंद, आणि सेंटमधली प्रत ठेवायला आणखी ११०. पावणेचार मिनिटं होत आली, आणि यात बिघाड कुठेच नाही. वेग तपासताना डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका. बऱ्याच जोडण्यांवर अपलोडचा वेग त्याच्या कितीतरी पट कमी असतो, आणि इथे तोच लागतो.

अजून एक छुपा अपलोड आहे. मेल लिहीत असताना थंडरबर्ड दर पाच मिनिटांनी ड्राफ्ट आपोआप जतन करतो. ड्राफ्ट फोल्डर सर्व्हरवर असेल तर प्रत्येक वेळी अटॅचमेंटसकट पूर्ण मेल वर जातो. फाइल जोडून अर्धा तास मजकूर लिहीत बसलात तर तुमच्या नकळत तीच फाइल पाच-सहा वेळा अपलोड होऊ शकते. उपाय सोपा: फाइल सगळ्यात शेवटी जोडा. मोठ्या फायली रोजच पाठवाव्या लागत असतील तर ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ या पानावर जाऊन ड्राफ्टची जागा ‘लोकल फोल्डर्स’ करा. मग ड्राफ्ट तुमच्या कॉम्प्युटरवरच राहील. अर्थात अर्धवट मेल नंतर मोबाइलवरून पुरा करायची सवय असेल तर हे करू नका.

वजन कमी करायचे मार्ग थोडक्यात सांगतो. फोटो पाठवण्याआधी आकार कमी करा. मोबाइलचा फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो आणि पडद्यावर बघायला त्याच्या दहाव्या हिश्श्याचाही पुरतो. जेपीजी आणि पीडीएफ झिप करून फारसं काही वाचत नाही, त्या आधीच दाबलेल्या असतात. सहीत कंपनीचा लोगो टाकलेला असेल तर त्याचं वजन एकदा बघा, तो प्रत्येक मेलबरोबर जातो. आणि फाइल खरोखर मोठी असेल तर क्लाउडवर ठेवून लिंक पाठवा. थंडरबर्डमध्ये यासाठी ‘फाइललिंक’ नावाची सोय आहे.

सर्व्हरची कमाल मर्यादाही ध्यानात ठेवा. ती मर्यादा पुष्कळदा फुगलेल्या वजनावर मोजतात. २० एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरमधून साडेचौदा एमबीच्या आसपासची फाइल जेमतेम जाते.

खिडकी ‘कॉपीइंग’वर थांबली तर

आधी एक प्रयोग करा. ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये ‘मेसेज पाठवताना प्रत ठेवा’ अशा अर्थाची टिक असते. ती काढा, स्वतःला एक मेल पाठवा आणि ब्राउझरमध्ये त्या खात्याचा सेंट फोल्डर उघडून बघा. तिथे मेल दिसला तर तुमचा सर्व्हर प्रत स्वतःच ठेवतो, टिकेची गरजच नाही. जीमेल असंच करतं. त्याच्या सर्व्हरवरून गेलेला मेल आपोआप ‘सेंट मेल’मध्ये येतो. सेंटमध्ये प्रत्येक मेल दोनदा दिसत असेल तर कारण हेच. टिक काढली की दुहेरी नोंदही थांबते आणि वेळही निम्मा होतो.

ब्राउझरमध्ये मेल दिसला नाही तर टिक ताबडतोब पुन्हा लावा. नाहीतर तुम्ही कोणाला काय लिहिलं याची नोंदच कुठे राहणार नाही.

टिक हवीच आहे आणि तरी उशीर होतोय, असं असेल तर सेंट फोल्डर तपासा. वर्षानुवर्षांचे मेल एकाच सेंटमध्ये साठलेले असतात आणि त्याची सूची कधीतरी बिघडते. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘रिपेअर फोल्डर’ दाबा. यात मेल पुसले जात नाहीत. थंडरबर्ड फक्त त्या फोल्डरची सूची नव्याने बनवतो. ही सूची एमएसएफ नावाच्या फाइलमध्ये असते. फोल्डर मोठा असेल तर थोडा वेळ लागेल, तेवढ्यात दुसरं काही करू नका.

सेंटचं ठिकाणही एकदा बघून घ्या. खातं जोडताना कधीकधी सर्व्हरवर ‘सेंट’, ‘सेंट आयटम्स’ आणि ‘सेंट मेसेजेस’ असे तीन-तीन फोल्डर होऊन बसतात. मोबाइल एकात प्रत ठेवतो, कॉम्प्युटर दुसऱ्यात. ‘अदर’ हा पर्याय निवडून खरा कोणता ते एकदा ठरवून द्या.

जोडणीच होत नसेल तर

एका ओळीचा मेलही रखडतो तेव्हा हा भाग कामाचा.

थंडरबर्डच्या ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’ असतं. ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, कारण ते खात्याच्या आत नसून वेगळं ठेवलंय. तिथे पोर्ट (म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) आणि सुरक्षेचा प्रकार यांची जोडी जुळते का ते बघा. पोर्ट ४६५ असेल तर ‘एसएसएल/टीएलएस’ हवं. पोर्ट ५८७ असेल तर ‘स्टार्टटीएलएस’. पोर्ट २५ हे सर्व्हरांच्या आपापसातल्या देवाणघेवाणीसाठी आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या कित्येक कंपन्या स्पॅम रोखण्यासाठी ते बंद ठेवतात. जुन्या मार्गदर्शिकेतून सेटिंग उतरवलं असेल तर तिथे २५ सापडण्याची शक्यता दाट. दोन्ही नवी पोर्ट चालत असतील तर ४६५ घ्या. २०१८ साली इंटरनेटच्या मानकांनीही सुरुवातीपासूनच सुरक्षित असलेली जोडणी पसंत करावी असं सांगितलं.

जोडी चुकली की नेमकं काय होतं ते बघण्यासारखं आहे. पोर्ट ४६५ ला ‘स्टार्टटीएलएस’ लावलं तर थंडरबर्ड सर्व्हरच्या नमस्काराची वाट बघतो, आणि सर्व्हर थंडरबर्ड सुरक्षित बोलणी कधी सुरू करतो याची. दोघंही गप्प. थंडरबर्डची मूळ मुदत १०० सेकंदांची असते, ती संपली की मग चूक झाल्याचा संदेश येतो. दर वेळी साधारण तेवढाच वेळ जाऊन मेल अडत असेल तर संशय पहिल्यांदा या जोडीवर घ्या.

खाती एकाहून जास्त असतील तर प्रत्येक खातं आपापल्याच आउटगोइंग सर्व्हरवरून पाठवतंय ना हे त्याच्या पहिल्या पानावर तळाशी दिसतं. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून गेलेला मेल उशिरा पोचतो, स्पॅममध्ये पडतो, किंवा सरळ परत येतो.

यानंतरचा संशयित अँटिव्हायरस. अनेक अँटिव्हायरस जाणारा प्रत्येक मेल मध्येच अडवून तपासतात, आणि मोठ्या अटॅचमेंटला त्यात बराच वेळ जातो. पूर्ण अँटिव्हायरस बंद करू नका. त्याच्या सेटिंग्जमध्ये जाणारे मेल तपासण्याचा पर्याय वेगळा असतो, तो फक्त चाचणीपुरता बंद करून बघा. फरक पडला तर कारण सापडलं. व्हीपीएन वापरत असाल तर तोही असाच एकदा बाजूला ठेवून बघा.

पासवर्डचीही एक गंमत आहे. जीमेल आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यांना आता साधा पासवर्ड चालत नाही. ‘ओऑथ२’ ही लॉगिनची पद्धत निवडावी लागते, आणि मग ब्राउझरसारखी एक खिडकी उघडून तिथे लॉगिन करायचं असतं. ही खिडकी कधीकधी लिहिण्याच्या खिडकीमागे लपते. आपल्याला वाटतं मेल अडकलाय, प्रत्यक्षात तो आपल्या लॉगिनची वाट बघत असतो. सगळ्या खिडक्या लहान करून एकदा नजर टाका.

इतकं करूनही उलगडा झाला नाही तर ‘हेल्प’ मेनूतून ‘ट्रबलशूट मोड’मध्ये थंडरबर्ड सुरू करा. त्यात सगळे अ‍ॅड-ऑन, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, बंद असतात. तिथे मेल झटक्यात गेला तर एकेक अ‍ॅड-ऑन चालू करत दोषी शोधायचा. क्वचित अडचण आयपीव्ही६ ची, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीची असते: नेटवर्कवर ते अर्धवट बसवलेलं असेल तर आधी त्या वाटेने प्रयत्न होतो, तो फसतो, आणि मग जुन्या वाटेने जोडणी लागते. थंडरबर्डच्या ‘कॉन्फिग एडिटर’मध्ये ‘आयपीव्ही६’ शोधलं की ते बंद करण्याचं सेटिंग सापडतं. नवख्यांनी हे अगदी शेवटी करावं, आणि फरक पडला नाही तर परत पूर्ववत करावं.

चूक झाल्याचा संदेश आला तर त्यातला तीन आकडी क्रमांक टिपून ठेवा. ४ ने सुरू होणारा, म्हणजे ४२१ किंवा ४५०, तात्पुरता नकार: थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. ५ ने सुरू होणारा कायमचा: ५३५ म्हणजे लॉगिन चुकलं, ५५२ म्हणजे मेल फार मोठा, ५५० म्हणजे बहुधा पत्ता नाही किंवा सर्व्हरने मेल नाकारला. एकाच मेलवर शंभरेक पत्ते घालून पाठवणाऱ्यांना ४ चे आकडे वारंवार दिसतात, कारण सर्व्हर मुद्दाम वेग कमी करतो. जीमेलच्या साध्या खात्याला तर दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे.

आउटलुक वापरत असाल तर

आउटलुकमध्ये मेल आधी ‘आउटबॉक्स’मध्ये जातो आणि तिथून बाहेर पडतो, त्यामुळे ‘अडकणं’ तिथेच दिसतं. हे वर्णन जुन्या, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुकचं आहे.

सगळ्यात आधी ‘सेंड/रिसीव्ह’ टॅबवर ‘वर्क ऑफलाइन’ दाबलेलं तर नाही ना ते बघा. मग ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘कनेक्ट असताना लगेच पाठवा’ ही टिक आहे का ते पाहा. ती नसेल तर मेल पुढच्या ठरलेल्या फेरीची वाट बघतो, आणि ती फेरी मुळात ३० मिनिटांची असते. हाताने फेरी सुरू करायची तर एफ९.

आउटबॉक्समधला मेल गेला का नाही हे बघायला तो उघडू नका. उघडला की आउटलुक समजतं तुम्ही तो बदलताय, आणि पुन्हा ‘सेंड’ दाबेपर्यंत तो तिथेच बसून राहतो. खरोखर अडकला असेल तर ‘वर्क ऑफलाइन’ करा, मेल ओढून ‘ड्राफ्ट्स’मध्ये टाका, मोठी अटॅचमेंट काढा आणि ऑनलाइन येऊन पुन्हा पाठवा. अ‍ॅड-इनचा संशय असेल तर कंट्रोल की दाबून धरून आउटलुक सुरू करा, सेफ मोडमध्ये उघडू का असं ते विचारेल. कोणी ‘उशिरा पाठवा’ असा नियम बनवून ठेवलाय का तेही ‘रूल्स’मध्ये बघा.

आता फोल्डर

फोल्डर बनवण्याआधी खातं आयमॅप आहे की पॉप हे माहीत हवं. आयमॅपमध्ये फोल्डर सर्व्हरवर असतात. कॉम्प्युटरवर केलेली रचना मोबाइलवरही दिसते. पॉपमध्ये सगळं याच कॉम्प्युटरवर राहतं. थंडरबर्डमधले ‘लोकल फोल्डर्स’ही फक्त याच कॉम्प्युटरवरचे. आयमॅप खात्यातला मेल ओढून लोकल फोल्डरमध्ये टाकला की तो सर्व्हरवरून निघून जातो आणि मोबाइलवर दिसेनासा होतो. ‘मेल गायब झाला’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं. म्हणून आवराआवर सुरू करण्याआधी प्रोफाइलची प्रत घ्या: ‘हेल्प’, ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’, तिथे प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

किती फोल्डर हवेत? नवख्यांना प्रत्येक माणसाचा, प्रत्येक विषयाचा फोल्डर करावासा वाटतो. पंधरा दिवसांत चाळीस होतात, आणि मग प्रत्येक मेल आला की हा कुठे टाकू असा प्रश्न. एकच मेल दोन विषयांचा असेल तर आणखी गोंधळ. माझा कल थोड्या फोल्डरांकडे आहे, कारण शोध आता इतका चांगला चालतो की नेमकी जागा लक्षात ठेवायची गरज उरलेली नाही. इनबॉक्स, ज्यावर अजून काही करायचंय त्यासाठी एक, जपून ठेवायच्या बिलं-पावत्या-करारांसाठी एक, चालू असलेल्या मोठ्या कामांचे दोन-तीन, आणि बाकी सगळं अर्काइव्हमध्ये. यापेक्षा जास्त लागतील तेव्हा करावेत, आधीपासून नव्हे.

अर्काइव्ह ही थंडरबर्डची सगळ्यात दुर्लक्षित सोय. मेल निवडून ‘ए’ ही एकच की दाबा, तो अर्काइव्हमध्ये त्या-त्या वर्षाच्या फोल्डरात जातो. वर्ष मेलच्या तारखेवरून ठरतं, तुम्ही की कधी दाबली यावरून नाही. ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये वर्षाऐवजी महिन्याप्रमाणे किंवा एकाच फोल्डरात, असे पर्यायही आहेत; बहुतेकांना वर्ष पुरतं. सेंट फोल्डरमध्ये जाऊन दोन वर्षांपूर्वीचे सगळे मेल निवडून हेच करा. सेंट हलका होतो.

हजारो मेल एकदम हलवू नका. चार-पाचशेच्या टप्प्यांनी हलवा आणि एक टप्पा पुरा झाल्याशिवाय दुसरा सुरू करू नका. मध्येच जोडणी तुटली तर काही मेल दोन्हीकडे, काही कुठेच दिसत नाहीत, अशी अवस्था होते आणि ती निस्तरायला वेळ जातो. आणि माउसने ओढण्यापेक्षा राइट क्लिक करून ‘मूव्ह टू’ वापरा. ओढताना हात घसरला की अख्खा फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडतो. तुमचा एखादा फोल्डर हरवला असेल तर आधी आसपासच्या फोल्डरांसमोरचे बाण उघडून बघा.

काही बारीक गोष्टी. फोल्डरच्या नावात टिंब आणि तिरपी रेघ टाळा, काही सर्व्हर त्यांचा अर्थ ‘उपफोल्डर’ असा घेतात. देवनागरी नावं चालतात. यादीत फोल्डर अक्षरांच्या क्रमाने लावले जातात, त्यामुळे वर हवा असलेल्याच्या नावाआधी ०१, ०२ घालणं सोयीचं. ब्राउझरमध्ये बनवलेला फोल्डर थंडरबर्डमध्ये दिसत नसेल तर खात्यावर राइट क्लिक करून ‘सबस्क्राइब’ उघडा आणि त्यावर टिक करा. काही सर्व्हर इनबॉक्सच्या आतच फोल्डर बनवू देतात. तिथे हट्ट करून उपयोग नाही.

जीमेलवाल्यांनी एक लक्षात घ्यावं. तिथे फोल्डर नसतात, लेबलं असतात, आणि थंडरबर्ड ती फोल्डर म्हणून दाखवतो. एकाच मेलला दोन लेबलं असतील तर तो दोन फोल्डरांत दिसतो, वर ‘ऑल मेल’मध्ये तिसऱ्यांदा. थंडरबर्ड हे सगळं उतरवून घेत बसतो आणि कॉम्प्युटर मंद होतो. जीमेलच्या वेबवरच्या सेटिंग्जमध्ये, लेबलांच्या पानावर, ‘ऑल मेल’समोरची ‘शो इन आयमॅप’ ही टिक काढली की निदान हा बोजा तरी उतरतो. पण अर्काइव्ह ‘ऑल मेल’मध्येच ठेवत असाल तर टिक राहू द्या.

मेल आपोआप लावणं

बातमीपत्रं, बँकेच्या सूचना, ठरावीक ठिकाणाहून येणारे अहवाल यांच्यासाठी फिल्टर, म्हणजे आलेला मेल आपोआप ठरलेल्या फोल्डरात टाकणारे नियम, बनवा. मेल उघडून पाठवणाऱ्याच्या नावावर क्लिक केलं की ‘क्रिएट फिल्टर फ्रॉम’ मिळतं. फिल्टर वरून खाली क्रमाने चालतात. एकाच मेलवर दोन लागू पडू नयेत म्हणून पहिल्यात ‘पुढचे फिल्टर थांबवा’ ही कृतीही जोडता येते. नवा फिल्टर आधी एखाद्या फोल्डरवर हाताने, ‘रन नाऊ’ दाबून, चालवून बघा.

पण थंडरबर्डचे फिल्टर थंडरबर्ड चालू असतानाच काम करतात. कॉम्प्युटर बंद आहे तोवर मोबाइलवर सगळं इनबॉक्समध्येच येत राहणार. तुमची मेल-सेवा वेबवर फिल्टर बनवू देत असेल तर तिथेच बनवा. तो सर्व्हरवर चालतो आणि सगळीकडे एकसारखा दिसतो.

‘हा मेल दोन विषयांचा आहे’ या अडचणीला टॅग, म्हणजे मेलवर लावायच्या खुणा, आहेत. १ ते ५ या कळा दाबल्या की टॅग लागतात, ० दाबलं की निघतात. मेल जागचा हलत नाही. आणि ‘फाइल’, ‘न्यू’, ‘सेव्ह्ड सर्च’ यातून ‘न वाचलेले आणि अटॅचमेंट असलेले’ असा एक फोल्डर बनवता येतो जो खरा फोल्डर नसून जिवंत शोध असतो. त्यात मेलची प्रत नसते. तिथून मेल पुसलात तर खराच पुसला जातो, हे विसरू नका. आत्ताच्या फोल्डरात पटकन शोधायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि के. सगळ्या खात्यांत शोधायचं तर नुसतं कंट्रोल आणि के.

पुसूनही जागा का सुटत नाही

थंडरबर्ड मूळ पद्धतीत एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतो. मेल पुसला की त्यावर ‘पुसलेला’ अशी खूण होते, मजकूर तिथेच राहतो. फाइल तेवढीच लठ्ठ. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ केलं की ती फाइल नव्याने लिहिली जाते आणि पुसलेलं खरोखर जातं. नव्याने लिहायचं म्हणजे डिस्कवर तेवढी मोकळी जागा लागते. दहा जीबीचा फोल्डर आणि डिस्कवर दोन जीबी शिल्लक, असं असेल तर आधी जागा करा. कॉम्पॅक्ट चालू असताना थंडरबर्ड बंद करू नका, लॅपटॉपचं झाकणही मिटू नका. एखादा फोल्डर चार जीबीच्या पुढे जायला लागला की त्याचे वर्षवार तुकडे करा. तो चालेल, पण दुरुस्ती, कॉम्पॅक्ट आणि अँटिव्हायरसची तपासणी या तिन्हींना ताप होतो.

आउटलुकमध्ये हीच गोष्ट पीएसटी फाइलची, म्हणजे आउटलुक मेल जिथे साठवतं त्या फाइलची. तिची मूळ मर्यादा ५० जीबी आहे, पण तिथवर पोचू देऊ नका. ‘डेटा फाइल’च्या सेटिंग्जमध्ये ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ मिळतं.

क्रम असा ठेवा: आधी कचरापेटी आणि जंक रिकामं करा, मग सेंट आणि इनबॉक्समधले जुने मेल अर्काइव्ह करा, मग कॉम्पॅक्ट, आणि शेवटी सेंट फोल्डरची ‘रिपेअर’. ते झालं की सुरुवातीची एका ओळीच्या मेलची आणि मोठ्या फाइलची चाचणी पुन्हा घ्या. खिडकी अजूनही ‘कॉपीइंग’वरच रेंगाळत असेल तर सेवा देणाऱ्याला कळवा, आणि कळवताना चार गोष्टी लिहा: खिडकीतले नेमके शब्द, किती सेकंद लागले, फाइल किती एमबीची होती, आणि ब्राउझरमधून तीच फाइल किती वेळात गेली.